अंगणांतली शाळा : कै. ताराबाई मोडक यांचें चरित्र

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत संतांचीं, धर्मगुरूंचीं व धर्मभगिनींचीं चरित्रें देण्याची चाल आहे, आणि ती योग्यच आहे. तथापि या अंकांत आम्ही अशा एका बाईंचें चरित्र देत आहों, कीं ज्या आपल्या धर्माच्या नव्हत्या आणि ज्यांचें कार्यक्षेत्र आपल्या अक्कलकुव्यापासून दूर, समुद्रकांठच्या डहाणूच्या मुलखांत होतें. परंतु त्यांच्या परिश्रमाचें फळ आज सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून आपल्या लेंकरांच्या वाट्यास येत आहे. अंगणवाडी हा शब्द आपल्यापैकीं प्रत्येकाच्या तोंडीं आहे. आई सकाळीं शेतावर निघाली कीं मुलाला अंगणवाडींत धाडते. हें नांव कोठून आलें आणि तें घडविणारी बाई कोण, हें मात्र फारच थोड्यांस ठाऊक असतें. तें वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजीं मुंबईंत झाला. त्यांचें माहेरचें आडनांव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थनासमाजाचे. त्या काळीं मुलीला चार बुकें शिकविलीं कीं पालक आपल्यास सुधारक म्हणवून घेत. परंतु केळकरांच्या घरांत मुलीच्या शिक्षणास अशी मर्यादा नव्हती. ताराबाई शिकत राहिल्या आणि १९१४ सालीं त्या मुंबई विश्वविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. मराठी मुलखांत पदवीधर स्त्रिया तेव्हां इतक्या थोड्या होत्या, कीं त्यांच्याकडे लोक कौतुकानें जितके पाहत, तितकेच संशयानेंही पाहत. पुढें अमरावतीचे वकील मोडक यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. त्यांस एक कन्या झाली; परंतु संसार सुखाचा झाला नाहीं, आणि कांहीं वर्षांनीं ताराबाई मुलीस घेऊन वेगळ्या झाल्या. या दुःखाचा विस्तार करण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. एकट्या बाईनें लहान मूल सांभाळून पोटापाण्याचा उद्योग करणें म्हणजे काय, हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं, इतकें वाचकांनीं लक्षांत ठेवलें म्हणजे पुरे.

राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदावर त्यांची नेमणूक झाली. पगार चांगला होता, मानही होता, आणि एखादीनें तेथेंच समाधानानें आयुष्य काढलें असतें. परंतु शिक्षिका तयार करतां करतां ताराबाईंच्या मनांत एक प्रश्न उभा राहिला. मूल शाळेंत येतें तें सहाव्या-सातव्या वर्षीं. तोंपर्यंत त्याचें चालणें, बोलणें, भिणें, हट्ट धरणें, विश्वास टाकणें हें सर्व ठरून गेलेलें असतें. मग शिक्षणाचा आरंभ पहिल्या इयत्तेंत होतो असें समजणें हीच चूक नव्हे काय? या प्रश्नाचें उत्तर शोधीत त्या १९२३ सालीं भावनगरास गेल्या.

भावनगरास गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं दक्षिणामूर्ति संस्थेंत बालमंदिर उघडलें होतें. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसें वाढवावें या विचारांत असतां त्यांच्या हातीं डॉक्टर मारिया मॉन्टेसोरी यांचे ग्रंथ आले, आणि वकिली सोडून ते बाळगोपाळांत येऊन बसले. मोठ्या मिशांच्या या गृहस्थास लोक प्रेमानें मिशीवाली आई म्हणत. छडीवांचून मूल शिकत नाहीं असें ज्या काळीं बापापासून पंतोजीपर्यंत सर्वांचें मत होतें, त्या काळीं गिजुभाईंच्या बालमंदिरांत छडी नव्हती, बक्षीस नव्हतें, परीक्षा नव्हती. आणि तरीही मुलें शांतपणें कामांत गढून गेलेलीं असत. प्राचार्यपद सोडून ताराबाई या घरीं आल्या आणि जवळजवळ नऊ वर्षें तेथें राहिल्या. १९२६ सालीं या मंडळींनीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. बालशिक्षणाचा प्रसार व्हावा म्हणून गुजरातींत शिक्षणपत्रिका निघूं लागली, आणि पुढें मराठी वाचकांसाठीं मराठी शिक्षणपत्रिका चालविण्याचा भार ताराबाईंनीं उचलला.

येथें मॉन्टेसोरीबाईंविषयीं चार शब्द लिहिणें अवश्य आहे. कारण त्या कॅथॉलिक होत्या, आणि त्यांचें नांव आपल्या शाळांच्या पाट्यांवर अनेकदां लिहिलेलें दिसतें. त्यांचा जन्म १८७० सालीं इटलींत झाला. १८९६ सालीं त्या वैद्यकाच्या पदवीधर झाल्या. ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहराच्या सान लोरेंझो या गरीब वस्तींत त्यांनीं पहिलें बालगृह उघडलें. आईबाप मोलमजुरीस गेले म्हणजे मागें राहिलेलीं मुलें जिन्यावर, गल्लींत भटकत. त्यांस एका खोलींत सांभाळावें, इतकाच घरमालकांचा हेतु होता. बाईंनीं त्या सांभाळण्यांतून शिक्षण उभें केलें. मुलांच्या उंचीचीं मेजें, मुलांच्या हातास पेलतील असे तांबे, बोटानें चाचपून ओळखावयाचीं खरखरीत अक्षरें त्यांनीं करविलीं. आणि मूल काम करीत असतां मोठ्यांनीं मध्यें पडूं नये, हा नियम घातला. पुढें बार्सेलोना येथें लहान मुलांस उपासनेंत कसें सहभागी करावें याचाही त्यांनीं प्रयोग केला. १९३९ सालीं त्या हिंदुस्थानांत आल्या. लगेच पुढल्या वर्षीं इटली युद्धांत पडल्यामुळें त्या शत्रुराष्ट्राच्या प्रजाजन ठरल्या, आणि त्यांचे पुत्र मारिओ यांस आपल्या अहमदनगरास स्थानबद्ध करण्यांत आलें. कांहीं आठवड्यांनीं त्यांची सुटका झाली. युद्ध संपेपर्यंत मायलेंक याच देशांत राहिलीं आणि त्यांनीं शेंकडों शिक्षकांस शिकविलें. मॉन्टेसोरीबाई १९५२ सालीं हॉलंडांत वारल्या.

ताराबाई मॉन्टेसोरीबाईंच्या शिष्यपरंपरेंतील खऱ्या. परंतु त्यांनीं गुरूचें अंधपणें अनुकरण केलें नाहीं. काल्पनिक गोष्टी लहान मुलांस सांगूं नयेत, असा मॉन्टेसोरीबाईंचा कल होता. गिजुभाई व ताराबाई यांस हें पटलें नाहीं. ज्या देशांत आजीच्या मांडीवर बसून मूल भाषा शिकतें, तेथें गोष्ट, गाणें, नाच व सोंग हीं शाळेबाहेर ठेवून कसें चालेल? म्हणून त्यांच्या बालमंदिरांत लोककथांस व बडबडगीतांस मानाचें स्थान मिळालें. १९३६ सालीं ताराबाईंनीं मुंबईस दादर येथें शिशुविहार सुरू केला. तेथें बालमंदिर होतें, शिक्षिका तयार करण्याचा वर्ग होता, आणि सुशिक्षित पालक आपल्या मुलांस आवडीनें धाडीत. संस्था नांवारूपास आली.

आणि येथेंच ताराबाईंच्या आयुष्यांतील खरी परीक्षा आली, असें आम्ही समजतों. शिशुविहारांतील मुलें बहुधा खाऊनपिऊन सुखी अशा घरांतलीं. ज्या मुलांसाठीं रोमच्या गरीब वस्तींत हें शास्त्र जन्मलें, तीं मुलें आपल्या देशांत कोठें आहेत? खेड्यांत, कोळीवाड्यांत, हरिजनवाड्यांत, आदिवासींच्या पाड्यांवर. वयाची त्रेपन्न वर्षें झालीं असतां, उभारलेली संस्था व शहरांतली सोय मागें ठेवून, १९४५ सालीं ताराबाई ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी या समुद्रकांठच्या गांवीं गेल्या आणि त्यांनीं तेथें ग्राम बालशिक्षा केंद्र उघडलें. बोर्डी हें गांव आज पालघर जिल्ह्यांत मोडतें. त्याच वर्षीं त्याच भागांतील वारली बांधव सावकार व जमीनदार यांच्या वेठबिगारीविरुद्ध उठले होते, हें स्मरणांत ठेवलें म्हणजे तेथल्या दारिद्र्याची कल्पना येईल. त्या वेळीं पुण्याच्या हुजूरपागेंतील शिक्षिका अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. अनुताई बालविधवा होत्या. तेराव्या वर्षीं लग्न व लगेच वैधव्य, अशा स्थितींतून शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. त्या आल्या त्या परत गेल्याच नाहींत.

बोर्डीस बालवाडी निघाली. परंतु ज्यांच्यासाठीं ती निघाली तीं मुलें येईनात. गांवांतलीं बऱ्या घरचीं मुलें आलीं, हरिजनवाड्यांतलीं आलीं नाहींत. आया कामावर गेलेल्या. मुलें अंघोळीवांचून, उघडीं, धाकट्या भावंडांस कडेवर घेऊन बसलेलीं. शाळा त्यांच्या घरापासून लांब नव्हती, पण त्यांस ती परकी वाटे. आतां या ठिकाणीं दुसरें कोणी असतें तर आईबापांस शिक्षणाची गोडी नाहीं म्हणून दोष देऊन मोकळें झालें असतें. असा दोष देणें सोपें असतें, आणि आपल्याही भागांत तो पुष्कळदां दिला गेला आहे. ताराबाईंनीं तसें केलें नाहीं. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेनें मुलापर्यंत जावें, असें त्यांनीं ठरविलें. आणि त्या व अनुताई वस्तींत गेल्या. तेथल्याच एका अंगणांत त्यांनीं मुलांस गोळा केलें. प्रथम न्हाऊं घालणें, नखें काढणें, केस विंचरणें. मग गाणें, गोष्ट व खेळ. अंगणांत भरणारी बालवाडी म्हणून तिला अंगणवाडी हें नांव पडलें.

वाचकांनीं या गोष्टीचा अर्थ नीट पाहावा. इमारत नाहीं, बांके नाहींत, घंटा नाहीं. परंतु आपल्याच अंगणांत बसलेलें मूल भीत नाहीं, आणि न भिणारें मूलच शिकूं शकतें. शिवाय, जातां येतां आई पाहते, आजी दारांतून ऐकते. आज आपल्या मुलानें काय केलें हें त्यांस डोळ्यांनीं दिसतें. म्हणजे शाळेंत मूल एकटेंच शिकत असतें, तर येथें घरही शिकूं लागलें.

दुसरी अडचण साहित्याची. मॉन्टेसोरीबाईंचीं साधनें सुतारानें मापांत घडविलेलीं व महाग. खेड्यांत तीं कोण विकत घेणार? ताराबाईंनीं साधनाचा हेतु ओळखला व वस्तु बदलली. रंग ओळखावयाचे आहेत ना, मग पानाफुलांनीं ओळखावे. लहानमोठें निवडावयाचें तर दगड आहेत, शंखशिंपले आहेत. मोजावयाचें तर चिंचोके आहेत. एका वाटींतून दुसऱ्या वाटींत बिया वेंचून टाकणें, एका भांड्यांतून दुसऱ्यांत न सांडतां पाणी ओतणें, मण्यांची माळ ओंवणें हा मोठ्यांस पोरखेळ वाटतो. परंतु ज्या बोटांनीं मूल मणी ओंवतें त्याच बोटांनीं तें पुढें लेखणी धरतें. हात, डोळा व मन हीं तीन एकत्र काम करूं लागलीं म्हणजे अक्षर आपोआप जवळ येतें. आजचें शास्त्रही सांगतें, कीं मेंदूच्या वाढीचा फार मोठा भाग सहावें वर्ष लागण्यापूर्वीं होऊन जातो, आणि त्या वाढीस खेळ, स्पर्श, बोलणें व प्रेमळ सोबत हीं अन्नाइतकींच लागतात.

तिसरी अडचण सर्वांत बिकट, आणि आपल्या पाड्यांवरील आयांस ती न सांगतां समजेल. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेंत कां येत नाहीं? कारण तिच्या कडेवर वर्षाचें भावंड आहे. तिनें त्याला कोठें ठेवावें? आई कामावर गेली नाहीं तर रात्रीं चूल पेटत नाहीं. मुलीस रागें भरून किंवा आईस उपदेश करून हा प्रश्न सुटणारा नव्हता. म्हणून ताराबाईंनीं पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा हीं तीन्ही एकाच आवारांत आणलीं आणि त्या रचनेस विकासवाडी असें नांव दिलें. मोठी बहीण भावंडास घेऊनच येई. तान्हें पाळण्यांत, मधलें बालवाडींत, व ती स्वतः वर्गांत. मध्यें भावंड रडलें तर उठून पाहून येण्याची तिला मोकळीक असे. एका पाळण्यामुळें त्या मुलीचें बालपण तिला परत मिळालें. पाळणाघर म्हणजे श्रीमंतांची चैन असें मानणाऱ्यांनीं या व्यवस्थेचा विचार अवश्य करावा.

१९५७ सालीं हें सर्व काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यांत आलें. भोंवतीं वारली आदिवासींचे पाडे. ताराबाई तेव्हां पांसष्ट वर्षांच्या होत्या. या वयांत टेकडी चढून नवी भाषा कानावर घेणें व नव्या लोकांचा विश्वास मिळविणें सोपें नव्हतें. वारल्यांस परक्या माणसाचा अनुभव सावकाराचा, ठेकेदाराचा व शिपायाचा; गोड बोलून मुलांस नेणाऱ्या बायकांविषयीं त्यांस संशय वाटला तर नवल कोणतें? मुलें येत आणि पळून जात. भातलावणी आली कीं वर्ग ओस पडत. मोठीं मुलें दिवसभर गुरांमागें जात. तेव्हां पुन्हां तोच न्याय लावण्यांत आला. गुरें सोडून मूल येऊं शकत नाहीं, तर गुरूनें गुरांमागें जावें. शिक्षक कुरणांत जाऊं लागले, झाडाखालीं वर्ग भरूं लागला, आणि तिला कुरणशाळा म्हणूं लागले. फळा नसला तरी जमीन होती, पक्षी होते, झाडांचीं नांवें होतीं. आणि या विषयांत तर पुष्कळदां मुलेंच शिक्षकांस शिकवीत. या कामाचा रोजचा भार अनुताईंनीं वाहिला. ताराबाईंनीं मार्ग आंखला आणि अनुताईंनीं त्यावर अखेरपर्यंत वाटचाल केली, असें म्हटल्यास दोघींवरही अन्याय होणार नाहीं.

१९६२ सालीं भारत सरकारनें ताराबाईंस पद्मभूषण ही पदवी दिली. ३१ ऑगस्ट १९७३ रोजीं, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षीं, त्यांनीं देह ठेवला. ३१ ऑगस्ट ही मॉन्टेसोरीबाईंची जन्मतिथि होय. ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनीं, २ ऑक्टोबर १९७५ रोजीं, केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणीं सुरू केली. तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेंच नांव देण्यांत आलें, आणि एका वस्तींतल्या अंगणांत जन्मलेला शब्द सबंध देशाचा झाला. अनुताईंस १९८५ सालीं पद्मश्री मिळाली. १९९२ सालीं त्याही गेल्या.

आतां आपल्याकडे वळूं. अक्कलकुवा, मोलगी व नर्मदाकांठचा डोंगराळ भाग यांतून आज अंगणवाड्या आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्याची तपासणी व शाळापूर्व शिक्षण हीं कामें त्यांजकडे आहेत. परंतु आहार वाटला कीं अंगणवाडी झाली, असें समजण्याची चूक आपण पालक पुष्कळदां करतों. खिचडीबद्दल आपण विचारतों. आज कोणतें गाणें झालें, कोणती गोष्ट झाली, हें विचारीत नाहीं. याच्या उलट कांहीं पालकांची घाई असते. तिसऱ्या वर्षीं मुलानें पाटीवर अक्षरें गिरवावीं, इंग्रजी महिने घडाघडा म्हणून दाखवावे, असा त्यांचा आग्रह असतो. या दोन्ही टोंकांस ताराबाईंच्या चरित्रांत उत्तर आहे. मुलास अन्न हवें आणि खेळही हवा. आणि खेळाच्या आधीं पाटी नको.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. आपल्या पाड्यांवरील मूल घरीं भिलोरी, पावरी किंवा वसावी बोलतें. अंगणवाडींत वा शाळेंत त्याच्या कानावर एकाएकीं मराठी पडतें, आणि बोलकें मूल मुकें होतें. मोठीं माणसें समजतात कीं मूल मंद आहे. तें मंद नसतें. त्याच्या हातून त्याचे शब्द काढून घेतलेले असतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तीन वर्षांपासूनचें शिक्षण हें शालेय शिक्षणाचाच पाया मानलें आहे, आणि शक्य तेथें लहान मुलांस घरच्या भाषेंत शिकवावें असें म्हटलें आहे. परंतु धोरण पाड्यावर पोंचविण्याचें काम माणसांचें. ज्या शाळेनें मुलाच्या अंगणांत जावयाचें, तिनें त्याच्या भाषेंतही जावयास नको काय? काठीच्या होळीचीं गाणीं, देवमोगरेच्या गोष्टी, रानांतल्या पांखरांचीं व कंदांचीं आपल्या बोलींतलीं नांवें हें आपल्या मुलांचें पहिलें पुस्तक आहे. आजीनें अंगणवाडींत जाऊन एक गोष्ट सांगितली तर तिच्यासारखी शिक्षिका दुसरी कोठें मिळणार? मग मराठी अशा मुलास जड जात नाहीं. कारण भरलेल्या घरावर माडी चढवितां येते, रिकाम्या जागेवर नाहीं.

शेवटचा प्रश्न स्थलांतराचा. दिवाळी सरली कीं आपलीं कित्येक कुटुंबें ऊंसतोडीसाठीं गुजरातेंत व इतरत्र जातात, आणि लहान मुलें त्यांच्याबरोबर फडांत जातात. तेथें ऊंसाच्या पाचटावर झोळी बांधून बाळ निजतें, आणि त्याची सहा-सात वर्षांची बहीण झोळी हालवीत बसते. विकासवाडींतली जी मुलगी आम्हीं वर सांगितली, तीच ही मुलगी. तिच्याकरितां पाळणा कोणी बांधावयाचा? फडावर सांभाळघर असावें म्हणून मुकादमाकडे व कारखान्याकडे मागणी करणें, गांवीं राहणाऱ्या आजीआजोबांजवळ मुलें ठेवलीं तर त्यांस शेजाऱ्यांनीं हात देणें, परत आलेल्या मुलांस अंगणवाडींत पुन्हां नांवानिशीं बोलावून आणणें, हीं कामें मोठ्या द्रव्याचीं नाहींत. धर्मग्रामांतील तरुणींनीं व मातांनीं मनावर घेतलें तर तीं होण्याजोगीं आहेत.

उत्सवाच्या वर्षीं आपण देवळाला रंग देतों, मंडप घालतों, पाहुण्यांस जेवण देतों. हें सर्व आनंदानें करावें. त्याबरोबरच प्रत्येक पाड्यावरील एक अंगण झाडून घ्यावें, आणि तेथें रोज दोन घटका मुलांत बसणारें एक माणूस आपल्यांतूनच द्यावें, अशी आमची धर्मग्रामस्थांस नम्र विनंति आहे. ताराबाईंनीं बोर्डीस आरंभ केला तेव्हां त्यांच्याजवळ याहून अधिक कांहीं नव्हतें.